दोन टोकांचं शेवळ

"आधी मला एक सांगा," फादर इनास तुस्कानो म्हणाले, "हे तुमचं झाड पुरुष, बाई, की नपुंसक?"

चौबळ मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या केळ्यांकडे पाहिलं.

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या. "एकाच दांड्यावर वर नरफुलं असतात, खाली मादीफुलं."

"फुलांचं नाही हो विचारत. नावाचं विचारतोय. व्याकरणाला फुलं दिसत नाहीत."

आम्ही वसईला फादरांच्या खोलीत बसलो होतो. फादर तरुणपणी पाद्री होऊ घातलेल्या पोरांना लॅटिन शिकवायचे. आता ती पोरं म्हातारी झाली होती आणि लॅटिन विचारायला फक्त आमच्यासारखे लोक येत. तेव्हा नियमच होता. जगात कुठेही नवी वनस्पती सापडली की तिचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे, नाहीतर ती सापडली नाही असं धरत. त्यामुळे आमच्या भागातले वनस्पतिशास्त्राचे लोक डोंगरावरून उतरले की थेट चर्चमध्ये जात. मी सोलापूरचा लिंगायत. नाव शिवलिंग कलशेट्टी. वर्षभरापूर्वी एम.एस्सी. करून मॅडमच्या हाताखाली लागलो होतो आणि या नोकरीत चर्च येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"वनस्पतीचं आडनाव आधी येतं, नाव मागून," मॅडम म्हणाल्या. "आडनाव ठरलेलं आहे. शेवळाच्या घराण्यातलीच आहे ही. आम्हाला फक्त पुढचं विशेषण हवंय."

"ते कळलं. पण आडनाव काय?"

मॅडमनी ते बोलून दाखवलं नाही. कागदावर लिहून कागद पुढे सरकवला. फादरांनी चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढला. फादरांना लॅटिनबरोबर ग्रीकही येतं, हे मॅडमच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या नावाचा अर्थ मी इथे देत नाही. मॅडमनी पस्तीस वर्षं वर्गात दिला नव्हता.

"पुल्लिंगी," फादर म्हणाले. "अगदीच पुल्लिंगी. म्हणजे विशेषणही पुल्लिंगी लागणार. आपल्या मराठीसारखंच आहे. वेडा, वेडी, वेडं. त्यांचंही तसंच. आता सांगा, झाडात विशेष काय?"

मॅडमनी फोटो काढला. शेवळ म्हणजे जमिनीतून सरळ वर येणारा एक जाडसर दांडा. पान नाही, फांदी नाही, नुसता दांडा. पण या फोटोतल्या दांड्याचं टोक वर जाऊन दुभंगलं होतं. एकाची दोन टोकं. आदल्या वर्षी मॅडमना ते एका डोंगरउतारावर दिसलं होतं, पण कोमेजलेलं. फोटोवरून जात ठरत नाही. खरं रोप हवं, वाळवून, दाबून, कपाटात ठेवायला.

"मग सोपं आहे. बिफिदुस. दोनात चिरलेला."

"नको," मॅडम म्हणाल्या. "मला खात्री नाहीये, फादर. कदाचित ते एकच रोप तसं असेल. कोणाला सहावं बोट असतं तसं. तज्ज्ञ तेच म्हणतील. खात्री नसल्याचं काही विशेषण आहे का?"

फादर खूश झाले. इतका वेळ ते पाद्री दिसत होते, आता मास्तर दिसायला लागले.

"दुबिउस! बाई असती तर दुबिआ, नपुंसक असतं तर दुबिउम. दुओ म्हणजे दोन. आपलं द्वि, तेच ते. एक मन इकडे ओढतंय, एक तिकडे. लहानपणी खेळला असाल ना, तळ्यात-मळ्यात? मधल्या रेषेवर एक पाय उचलून जो उभा राहतो ना, तो दुबिउस."

"शब्द वाईट नाही ना?"

"वाईट कसला? लबाड माणूस कधी दुबिउस नसतो. त्याला सगळं पक्कं ठाऊक असतं."

मॅडमनी तो शब्द वहीत उतरवला आणि त्याखाली रेघ मारली. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी ठेवलेली नावं पाठ करून शिकवली होती. स्वतः एकाही रोपाला नाव दिलं नव्हतं. जूनअखेर त्या निवृत्त होणार होत्या. नाव तसं निवृत्त माणसालाही देता येतं, पण शेवळ उगवतं वर्षातून दोनेक आठवडे, तेही डोंगरावर, आणि मॅडमच्या गुडघ्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून टाकलं होतं की हा डोंगर शेवटचा.

तो डोंगर रोह्याच्या पलीकडे होता. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. मॅडम गावाच्या अलीकडेच उतरल्या आणि आडवाटेने चढायला लागल्या. मी म्हटलं, गावातून रस्ता दिसतोय की. त्या म्हणाल्या, "इकडून चांगलं आहे." इकडून करवंदीची जाळी होती.

रोप सापडलं. एकच. फोटोतल्यासारखंच, ताजं, दोन टोकांचं. मॅडम त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. मग आम्ही ते कंदासकट खणून काढलं. मॅडमनी पर्समधून जुन्या साडीचं मऊ फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि रोप त्यात गुंडाळलं. फक्त तोंड उघडं ठेवलं. दोन्ही तोंडं.

"मी हळूहळू उतरते," त्या म्हणाल्या. "तू पुढे हो आणि थांब्यावर थांब. फडकं वाळू देऊ नकोस. आणि हे बघ कलशेट्टी, ओढ्याकडून जा. गावातून जाऊ नकोस."

ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक बैल उभा होता. मी त्याला वळसा घालायला गेलो, तर तोही त्याच बाजूला वळला. असं तीनदा झालं. मग मी गावातून गेलो.

गावातल्या पहिल्याच घराच्या ओटीवर एक साठीच्या बाई तांदूळ निवडत होत्या. फडकं वाळायला आलं होतं. मी पाणी मागितलं.

"कोण रे तू? कोणाकडचा?"

"चौबळ मॅडमबरोबर आलोय. कॉलेजच्या."

बाईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे.

"नलिनी चौबळ?"

"हो."

"हे त्यांनी पाठवलंय?"

"त्यांचंच आहे," मी म्हटलं. मला एवढंच माहीत होतं.

बाई उठल्या. त्यांनी माझ्या हातातून ते दोन्ही हातांनी घेतलं, बारशाला मूल घेतात तसं. "बस तू. उन्हातून आलायस." आणि आत गेल्या. मला वाटलं, फडकं भिजवून सावलीत ठेवतील. चांगल्या बाई आहेत, असंही वाटलं. मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि ओटीवर जरा कलंडलो. आतून विळीचा आवाज येत होता. थोड्या वेळाने फोडणीचा वास आला. मला काहीही शंका आली नाही. शंका येण्याचं काम मॅडमकडे होतं.

मॅडम मला शोधत आल्या तेव्हा अंगणाच्या बाहेरच थांबल्या. त्यांनी आधी घराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मी वर्गात एकदाच तसा पाहिला होता. एका मुलाने बटाट्याला मूळ म्हटलं होतं तेव्हा.

"तू इथे काय करतोयस?"

"बैल होता, मॅडम."

"रोप कुठाय?"

"आत दिलंय. सावलीत."

तेवढ्यात बाई दारात आल्या. पदराला हात पुसत होत्या. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मधे अंगण होतं, आणि अंगणात मी.

"या, वन्सं," बाई म्हणाल्या. "हातपाय धुवा. पहिली शेवळं घरी आलीयत. काकडं सकाळीच काढून ठेवली होती. सोडेपण आहेत. जेवूनच जायचं."

वन्सं म्हणजे नणंद, एवढं सोलापूरलाही कळतं. पण मॅडमना भाऊ होता, भावजय होती, गाव होतं आणि ते गाव हेच होतं, यातलं एकही वाक्य त्यांनी मला वर्षभरात सांगितलं नव्हतं. मला तर वाटायचं की त्या कॉलेजातच उगवल्यात.

मी मॅडमच्या कानाशी गेलो. "मॅडम, त्यांनी आपलं रोप कापलं वाटतं."

"ऐकू आलंय मला."

"सांगू का त्यांना? अजून काही उरलं असेल तर—"

"कलशेट्टी," मॅडम दात न उघडता म्हणाल्या, "हातपाय धू."

स्वयंपाकघरात पाट मांडले होते. मागचं दार उघडं होतं आणि दारातून परस दिसत होतं. तिथे मी पाहिलं. शेवळ साफ करताना त्याचा आतला दाणेदार भाग काढून टाकतात, कारण तो घशाला खाजतो; उरलेली खाज काकडाच्या आंबट फळांनी मारतात. तो दाणेदार भाग म्हणजेच फुलं. आणि वनस्पतिशास्त्राला त्या अख्ख्या दांड्यात हवी असतात ती फुलंच. म्हणजे स्वयंपाकाला नको तेवढंच शास्त्राला हवं असतं. ते सगळं परसात एका केळीच्या पानावर टाकलेलं होतं. अजून आशा होती. माझ्या खिशात फुलं टिकवायची स्पिरिटची बाटली होती. मी उठायला लागलो.

मॅडमनी माझ्या मांडीवर हात ठेवला. प्रेमाने नव्हे.

"मॅडम, मागे फुलं आहेत," मी पुटपुटलो.

"जेव."

तेवढ्यात एक कोंबडी आली.

"मॅडम, कोंबडी."

"जेव म्हटलं ना."

कोंबडीने एक दाणा टिपला, मान झटकली, विचार केला आणि बाकीच्यांना बोलावलं. मी एक घास घेतला. भाजी आंबट, तिखट आणि फार चांगली होती. तिच्यात वाळलेल्या शेंगांसारखं काहीतरी होतं, ते मला विशेष आवडलं. सोडे म्हणजे वाळवलेली कोळंबी, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हता. आमच्या घराण्यात मासा खाल्लेला मी पहिला. त्याच ताटात मी एक अनाम वनस्पतीही खात होतो, आणि परसात कोंबड्या तिची फुलं संपवत होत्या.

बाई वाढत होत्या. दोघी बोलत होत्या, पण अशा, की जणू शब्दांना किंमत पडते.

"मीठ बरोबर आहे?"

"आहे."

"तुमच्या दादांना जास्त लागायचं."

"हो."

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "या वेळची शेवळं जरा वेगळी लागतायत नाही, वन्सं? कुठली म्हणायची ही?"

माझा घास हातातच राहिला. हीच ती वेळ, मला वाटलं. आता मॅडम सांगणार. हे शेवळ कोणी कधी पाहिलेलं नाही, वहिनी, याला नावसुद्धा नाही, मी पस्तीस वर्षं वाट पाहिली आणि तुम्ही ते फोडणीला टाकलंत. गेलं वर्षभर त्या मला रोज सांगत होत्या की हे नेहमीचं शेवळ नाही. रोज.

मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला.

"छे हो, वहिनी," त्या म्हणाल्या. "नेहमीचीच आहेत. वाढा अजून थोडी."

बाईंनी वाढली. वाढताना भाजी ताटाच्या कडेला सांडली. मॅडमनी ती बोटाने पुसून घेतली.

मला काही कळेना. ही बाई परीक्षेत चुकीचं नाव लिहिलं तर अर्धा मार्कही देत नसे.

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. रोहा गेला, नागोठणं गेलं. मग आपणहून म्हणाल्या, "आमच्या गावात एक पद्धत आहे. दोन घरांचा अबोला असेल आणि तो मोडायचा असेल, तर एकाने वर्षातली पहिली शेवळं दुसऱ्याच्या घरी पाठवायची. कच्ची. दुसऱ्याने घेतली आणि शिजवली, की झालं. मग दोघांनी बसून खायची. कोणी कोणाची माफी मागायची नाही, जुनं काही काढायचं नाही."

"पण आपण तर पाठवली नव्हती."

"नाही."

"मग?"

"दादा गेला त्याच्या बाराव्याला मी वहिनींना म्हटलं होतं, तुम्ही त्याला वेळेवर मुंबईला आणलं असतं तर तो वाचला असता. सगळ्यांच्या देखत. त्यानंतर मी त्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं." "आता त्यांना वाटलंय की नलूने शेवळं पाठवली. मी काय सांगणार होते? पाठवली नव्हती, कपाटात ठेवायची होती?"

"पण मॅडम, नवी जात—"

"मासे आवडले का तुला?" मॅडम म्हणाल्या. आणि मग मला सोडे म्हणजे काय ते कळलं.

आठवडाभराने आम्ही वसईला गेलो. फादरांनी लॅटिन वर्णन सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, शेवटी दुबिउस. मॅडमनी सांगितलं की रोप राहिलं नाही. फादरांनी कारण विचारलं. मॅडम म्हणाल्या, "खाल्लं." फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. फादर उठले आणि त्यांनी आम्हाला केळी दिली. बहुधा त्यांना आम्ही उपाशी वाटलो असू.

महिनाअखेर मॅडम निवृत्त झाल्या. त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. डोंगर चढायचा नाही असं ठरलं होतं, पण गावात जायला डोंगर लागत नाही. त्या दर जूनमध्ये वहिनींकडे जायला लागल्या आणि पिशव्या उचलायला मला नेऊ लागल्या. मी त्या उतारावर दर वर्षी एकटा चढायचो. दोन टोकांचं एकही शेवळ पुन्हा दिसलं नाही. पुढे लॅटिनची सक्तीही गेली. फादरही गेले. मी एका कॉलेजात लागलो आणि पोरांना दुसऱ्यांनी ठेवलेली नावं शिकवायला लागलो.

गेल्या वर्षीची गोष्ट. मॅडम ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. वहिनी, आता पंच्याहत्तरीच्या, मला म्हणाल्या, "चल रे, काकडं काढायला हात दे." काकडाचं झाड पुढच्या बाजूला आहे. त्या मला मागे घेऊन गेल्या, न्हाणीघराच्या आडोशाला, जिथे आंघोळीचं पाणी जिरतं.

तिथे शेवळं होती. दाटीने, सात-आठ. प्रत्येकाला दोन टोकं.

मी खाली बसलो. मॅडम डोंगरावर बसल्या होत्या तसाच बसलो असेन.

"मी मुद्दामच कधी आणलं नाही तुला इकडे," वहिनी म्हणाल्या. "आता माझं वय झालंय. कोणाला तरी ठाऊक असावं."

"पण हे... तुम्ही तर ते शिजवलंत."

"एका शेवळाची भाजी होते का कधी? ती माझीच होती, सकाळी काढलेली. तुमचं हे फडक्यासकट मोरीत ठेवलं होतं ओलं करून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? की मॅडमनी ते पाठवलं नव्हतं?"

"अरे, शेवळं खाणारा माणूस कंद कधी उपटतो का? कंद उपटला तर पुढच्या वर्षी काय खाणार? भाजीसाठी आणतात ती खुडून आणतात." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण म्हटलं, वन्सं दारात आल्यायत. परत कधी येणार होत्या? केली भाजी. मग जेवताना मीच विषय काढला, वेगळी लागतायत नाही म्हणून. म्हटलं, माझं रोप होतं असं म्हणाल्या तर लगेच मोरीतून काढून हातात देईन. तर म्हणाल्या, नेहमीचीच आहेत."

"होती की नेहमीचीच," मी म्हटलं.

"होतीच. पण त्यांना कुठे माहीत होतं? मग मी कसं काढून देणार? त्या गेल्यावर इथे पुरलं."

कोंबड्यांनी त्या दिवशी काय खाल्लं होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. साधं शेवळ.

"न्यायचं तर ने," वहिनी म्हणाल्या. "काय ते नाव द्यायचं ते दे. पण वन्संना सांगू नकोस. त्यांनी माझ्यासाठी सोडलं असं त्यांना वाटतं. वाटू दे."

आता मला सांगा. नाव द्यायचं तर छापावं लागतं. छापायचं तर कुठे सापडलं ते लिहावं लागतं, आणि मॅडम अजून सगळं वाचतात, चष्मा आणि भिंग दोन्ही लावून. न छापावं, तर त्यांनी जन्मात ज्या एकाच रोपाला नाव देऊ पाहिलं ते न्हाणीघरामागे बिननावाचं राहणार. आणि त्याहून एक वाईट विचार मला तिथेच उकिडवं बसल्या बसल्या सुचला. शेवळं खाणारा माणूस कंद उपटत नाही, हे वहिनींना कळलं, तर याच गावात वाढलेल्या मॅडमना कळलं नसेल? वहिनी कंदावरून ओळखणार, हे त्यांना त्याच दिवशी ताटावर सुचलं नसेल? त्या वनस्पतिशास्त्रात डॉक्टर आहेत. मग कोण कोणाला काय वाटू देतंय?

मला काहीच कळेना. मी तिथून एक पाय उचलला आणि तो कुठे ठेवावा ते ठरेना. शेवळं दाट होती.

"काय करतोयस रे मागे?" ओटीवरून मॅडमचा आवाज आला.

वहिनींनी परडी माझ्या हातात दिली. सकाळीच खुडून ठेवलेली शेवळं होती तीत, एकेका टोकाची. मी ती घेऊन पुढे आलो. मॅडमनी त्यातलं एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, फिरवून टोक पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यांना लागलेल्या न्हाणीघरामागच्या ओल्या मातीकडेही पाहिलं.

"कुठली रे ही?"

"नेहमीचीच, मॅडम," मी म्हटलं.

मॅडमनी शेवळ परडीत परत ठेवलं. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि विळी जवळ ओढली.